सर्पगंधा आणि उन्मादचिकित्सा : जव्हार-मोखाड्याच्या अनुषंगानें एक विचार

सर्पगंधा नांवाच्या मुळींतून निघालेल्या द्रव्यानें विसाव्या शतकाच्या मध्यास मनोरोगांच्या चिकित्सेंत मोठा पालट घडविला, ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे. परंतु या पालटाचें श्रेय कोणाचें, असा प्रश्न निघाला म्हणजे दोन टोकांचीं विधानें कानीं येतात. एक पक्ष म्हणतो, चरक-सुश्रुतांस हें सर्व ठाऊकच होतें, पाश्चात्यांनीं केवळ उचलेगिरी केली. दुसरा म्हणतो, शोध लागला तो १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील प्रयोगशाळेंत, त्यापूर्वींचें सर्व अडाण्यांचें झाडपाल्याचें शास्त्र. दोन्ही पक्षांच्या ठायीं आवेश आहे, पण पुराव्याची छाननी नाहीं. सनदेवरील शिक्का व तारीख तपासल्यावांचून जो इनामाचा हक्क मान्य करीत नाहीं, त्या आमच्या वाचकवर्गानें या विषयांतहि तीच कसोटी लावावी, अशा हेतूनें पुढील विवेचन केलें आहे. या प्रश्नाचा संबंध उत्तर कोंकणांतील जव्हार व मोखाडा या डोंगराळ मुलखाशीं कसा पोंचतो, हें ओघानें येईलच.

(१) ग्रंथांतील पुरावा

आयुर्वेदांत उन्मादाचा विचार विस्तारानें केलेला आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानांतील सातवा व चिकित्सास्थानांतील नववा अध्याय, सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतील बासष्टावा आणि अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांतील सहावा हे अध्याय या विषयाला वाहिलेले आहेत. वातज, पित्तज, कफज, सन्निपातज व आगंतुक असे उन्मादाचे पांच प्रकार चरकानें मानिले आहेत. त्यांपैकीं आगंतुक प्रकार देव, गंधर्व, पिशाच इत्यादिकांच्या बाधेनें होतो, अशी समजूत त्या काळीं होती, व ग्रंथकारानें ती नोंदलीहि आहे. तथापि त्याच निदानस्थानांत तो असेंहि बजावतो कीं, मनुष्याच्या स्वतःच्या प्रज्ञापराधामुळें जो रोग उद्भवला, त्याचा दोष शहाण्यानें देवांवर, पितरांवर अथवा राक्षसांवर टाकूं नये. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायांत चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन विभाग सांगितले आहेत. मंत्र व बलि हा पहिला, औषध व पथ्य हा दुसरा, आणि मनाला अहितापासून आवरणें हा तिसरा. ही विभागणी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

आतां सर्पगंधेकडे वळूं. हें नांव प्राचीन संहितांत येतें, पण येतें तें मुख्यत्वें विषचिकित्सेच्या प्रसंगीं. उन्मादावरील जें प्रसिद्ध महापैशाचिक घृत, त्याच्या द्रव्यांत ‘सर्पगंधा’ असा शब्द नाहीं, ‘नाकुलीद्वय’ असा आहे. म्हणजे उन्मादाशीं सर्पगंधेचा ग्रंथोक्त संबंध जोडावयाचा, तर ‘नाकुली म्हणजे सर्पगंधा’ हें समीकरण आधीं सिद्ध केलें पाहिजे.

आणि नेमकी येथेंच अडचण उभी राहते. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत नाकुली, रास्ना, गंधनाकुली, नकुलेष्टा व भुजंगाक्षी हे शब्द एकाच मालिकेंत, एकाच वनस्पतीचे पर्याय म्हणून दिले आहेत. त्या मालिकेप्रमाणें नाकुली ही रास्ना ठरते, आणि रास्ना म्हणून ज्या मुळ्या निरनिराळ्या प्रांतांत विकल्या जातात, त्यांपैकीं कोणतीहि सर्पगंधा नव्हे. उलट घृतांत ‘नाकुलीद्वय’ असल्यामुळें नाकुली दोन आहेत हें स्पष्ट होतें, आणि दुसरी कोणती, या प्रश्नाला टीकाकार व निघंटुकार एकच उत्तर देत नाहींत. दोहोंपैकीं एक सर्पगंधा असणें संभाव्य आहे, नव्हे बरेंच संभाव्य आहे, परंतु संभाव्य आणि सिद्ध यांत अंतर आहे. एखाद्या पत्रांत ‘राजश्री पंत’ एवढाच मायना असला, तर ते पंत कोणते हें आपण अन्य पुराव्यावांचून ठरवीत नाहीं. वनस्पतींच्या नांवांनाहि हाच न्याय लागू आहे.

एक गोष्ट मात्र या पर्यायांवरून निश्चित होते. नकुलेष्टा म्हणजे मुंगुसाला प्रिय. मुंगूस सापाशीं झुंजण्यापूर्वीं एक विशिष्ट मुळी खातें, ही समजूत कोशकारांच्या काळापासून चालत आलेली आहे, आणि तिच्याच आधारानें या मुळ्यांना सापाचीं व मुंगुसाचीं नांवें पडलीं. नांव पडलें तें लोकांच्या समजुतीवरून, परीक्षित गुणावरून नव्हे, हें येथें लक्षांत घ्यावें.

(२) परकीयांच्या नोंदी व कोंकणचा व्यवहार

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यांत १५६३ सालीं छापला गेला. त्यांत सर्पविषावरील ‘सापाच्या लांकडा’चें प्रकरण आहे, व मुंगूस आणि मुळी यांची कथाहि आहे. त्यानें वर्णिलेल्या प्रकारांपैकीं एक सर्पगंधाच होय, असें अनेक विद्वानांचें मत आहे. पुढें व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्यानें १६७८ ते १६९३ या काळांत मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंड प्रसिद्ध केले. त्यांत ही वनस्पति ‘चोवन्ना अमेलपोडी’ या मलबारी नांवानें चित्रासह आली आहे. रुंफियसनें तिला लॅटिनांत मुंगुसाच्या मुळीचें नांव दिलें, म्हणजे आमच्या ‘नकुलेष्टे’चेंच तें भाषांतर झालें. प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञानें १७०३ सालीं जें ‘राउवोल्फिया’ हें कुलनाम योजिलें, तें ऑग्सबर्गच्या लेओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकांतील वैद्याच्या स्मरणार्थ. या गृहस्थानें हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता. मुळी आमच्या रानची, कथा आमच्या मुंगुसाची, आणि नांव जर्मन वैद्याचें, अशी ही नामकरणाची गंमत आहे.

कोंकणांतील प्रत्यक्ष व्यवहाराबद्दल सर्वांत उपयुक्त नोंद डिमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या १८९० ते १८९३ या काळांत प्रसिद्ध झालेल्या औषधिद्रव्यांच्या ग्रंथांत सांपडते. दक्षिण कोंकणांतून मुंबईस येणारे बहुतेक मजूर या मुळीचा थोडा सांठा जवळ बाळगीत व पोटाच्या दुखण्यावर ती घेत. पटकी, पोटशूळ व ताप यांवर इतर मुळ्यांबरोबर ती देण्याची कोंकणांतील चालहि तेथें नमूद आहे. वेडावर ती देत असल्याचा उल्लेख कोंकणच्या संबंधांत तेथें नाहीं. उलट बिहारांत ही मुळी ‘पागल की दवा’ या नांवानें बाजारांत विकली जाई. एकच मुळी, पण कोंकणच्या तोंडीं ती पोटाची व बिहारच्या तोंडीं ती डोक्याची! ‘आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें’ या वाक्यांतील ‘आमच्या’ म्हणजे नक्की कोणाच्या, याचा विचार या भेदावरून करावा लागतो.

(३) १९३१ सालचीं दोन संशोधनें व त्यापुढील वाटचाल

सन १९३१ हें वर्ष या इतिहासांत फार महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं मुंबईच्या हाफकिन संस्थेंतील डॉ. म्हसकर व फादर केयस यांचें सर्पदंशावरील देशी वनस्पतींविषयींचें संशोधन प्रसिद्ध झालें. शेंकडों वनस्पतींची प्राण्यांवर पारख करून त्यांनीं असा निर्णय दिला कीं, सर्पविषावर उतारा म्हणून त्यांपैकीं एकीचाहि उपयोग नाहीं. आणि त्याच वर्षीं कलकत्त्यास कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं सर्पगंधेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत उन्माद व रक्तदाबाची वृद्धि या दोन व्याधींवर ती गुणकारी असल्याचा अनुभव त्यांनीं मांडला. ज्या गुणावरून या जातीच्या मुळ्यांना नांव व कीर्ति मिळाली, तो गुण मुंबईच्या परीक्षेंत टिकला नाहीं. जो गुण नांवांत कोठेंच नव्हता, तो कलकत्त्याच्या अनुभवांत उतरला. केवळ व्युत्पत्तीवरून द्रव्यगुण ठरविणाऱ्यांनीं हे दोन लेख शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

गणनाथ सेन हे कांहीं केवळ डॉक्टरी शिकलेले गृहस्थ नव्हते. ‘प्रत्यक्षशारीरम्’ व ‘सिद्धान्तनिदानम्’ हे संस्कृत ग्रंथ लिहिणारे ते आयुर्वेदाचे प्रकांड पंडित होते. असे असूनहि त्यांच्या निबंधाच्या मथळ्यांत सर्पगंधेला ‘नवें’ हिंदी औषध म्हटलें आहे. संहितांचा आधार निःसंदिग्ध असता, तर एवढा विद्वान् त्याला नवें म्हणतांना निदान थबकला असता. आमच्या मतें या एका विशेषणानें पहिल्या पक्षाचा दावा पुष्कळच शिथिल होतो.

परंतु त्याच विशेषणानें दुसऱ्या पक्षाचा दावाहि तितकाच ढिला पडतो. कारण हें ‘नवें’ औषध स्वित्झर्लंडच्या आधीं एकवीस वर्षें कलकत्त्यास रोग्यांवर योजिलें गेलें होतें. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बी कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं मुळींतील क्षारद्रव्यें पृथक् केलीं, आणि हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ एकास ‘अजमलीन’ हें नांव दिलें. मुंबईस डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर वर्षानुवर्षें ही मुळी वापरून आपले अनुभव १९४९ सालीं ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केले. तो लेख वाचून जगाचें लक्ष इकडे वळलें. १९५२ सालीं बाझल येथील सिबा कारखान्याच्या रसायनज्ञांनीं ‘रेसर्पीन’ हें मुख्य द्रव्य वेगळें काढलें. अहमदाबादचे डॉ. हकीम यांनीं मनोरुग्णांवरील या औषधाचे प्रयोग १९५३ च्या सुमारास पुढें मांडले, आणि न्यूयॉर्क संस्थानांतील डॉ. नेथन क्लाइन यांनीं १९५४ सालीं आपल्या इस्पितळांतील अनुभव प्रसिद्ध केला. १९५७ सालीं वकील व क्लाइन या दोघांसहि अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

यानंतरची हकीकत विद्यापीठांची आहे. हार्वर्ड विद्यापीठांत वुडवर्ड यांनीं १९५६ सालीं रेसर्पीनची कृत्रिम घटना साधली. ती रसायनशास्त्रांतील एक मोठी करामत मानिली जाते. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेंतील ब्रोडी व त्यांचे सहकारी यांनीं १९५५ सालीं दाखविलें कीं, रेसर्पीन दिल्यावर शरीरांतील सेरोटोनीन या द्रव्याचा सांठा रिता होतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे कार्लसन यांनीं १९५७ सालीं रेसर्पीननें निश्चेष्ट झालेले ससे एल-डोपा हें दुसरें द्रव्य देऊन पुन्हा हालते चालते केले. मेंदूंतील डोपामीन या द्रव्याचें महत्त्व त्यावरून उघडकीस आलें, कंपवाताच्या औषधाचा मार्ग मोकळा झाला, आणि २००० सालीं कार्लसन यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. मनाच्या व्यथेचा विचार वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व शारीरक्रियाशास्त्र यांच्या चौकटींत करतां येतो, ही दृष्टि रूढ होण्यास एक मुळी अशी निमित्त झाली.

तथापि औषधाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. रेसर्पीन घेणाऱ्या कांहीं रोग्यांस दारुण विषण्णता येते, असे अनुभव डॉक्टरांनीं नोंदविले. त्या विषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. १९५२ पासून क्लोरप्रोमाझीन हें नवें औषध आलें होतें, व त्याच्या पुढें मनोरोगांत रेसर्पीन मागें पडलें. जुन्या बाडांत एखादा पाठ सांपडला म्हणून ही मुळी कोणीं स्वतःवर अथवा घरच्या रोग्यावर आजमावूं नये, हें येथेंच स्पष्ट सांगून ठेवतों.

(४) जव्हार व मोखाडा

आतां या सर्वाचा जव्हार-मोखाड्याशीं संबंध काय? जव्हार हें ३१० चौरस मैलांचें कोळी संस्थान. जयबा मुकणे हा त्याचा मूळ पुरुष, व त्याच्या पुत्रास दिल्लीच्या सुलतानाकडून १३४३ सालीं ‘निमशहा’ हा किताब मिळाला, अशी परंपरा आहे. १९४८ सालीं संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. शेजारचा मोखाडा पूर्वींपासून ठाणें जिल्ह्यांत इंग्रजी अमलाखालीं होता. १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी व कातकरी हे येथील मुख्य लोक.

मनोरोग्यांकरितां सरकारनें केलेल्या सोयींचा इतिहास पाहिला, तर १८५८ व १९१२ चे वेड्यांविषयींचे कायदे आणि ठाण्याचें १९०१ सालचें वेड्यांचें इस्पितळ हे त्यांतील मुख्य टप्पे होत. १९८७ व २०१७ चे कायदे अलीकडचे. पण घाटाच्या कडेवरील पाड्यांतून ठाणें हें पावसाळ्यांत परदेशाइतकेंच दूर होतें. मन बिघडलेल्या माणसाची पहिली दाद ऐकणारा होता तो भगत. के. जे. सावे यांनीं १९४५ सालीं वारल्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो व त्या आधींचें सरकारी गॅझेटियर हीं या लोकांच्या रीतिरिवाजांचीं वाचनीय साधनें आहेत. भगत तांदळाचे दाणे पाहून दोष ओळखतो. वाघदेव, हिरवा, नारनदेव यांपैकीं कोणाचा कोप झाला कीं कोणा भुताची बाधा, तें सांगतो, व त्याप्रमाणें नवस, बळी अथवा झाडपाला योजतो.

वर सांगितलेली चरकाची त्रिविध विभागणी येथें लावून पाहावी. भगताचें कार्य दैवव्यपाश्रयांत मोडतें यांत शंका नाहीं, परंतु तो मुळ्याहि देतो, म्हणजे युक्तिव्यपाश्रयहि त्याच्या ठायीं आहे. रोग्याच्या कुटुंबाला व पाड्याला एकत्र बसवून तो त्यांचें म्हणणें ऐकतो व ऐकवितो, त्यांत सत्त्वावजयाचा अंश सांपडेल. या तीन अंगांचा स्वतंत्र विचार न करतां सर्वच टाकणें किंवा सर्वच डोक्यावर घेणें, दोन्ही सारखींच अविचाराचीं. कारण याच भगतगिरीच्या पोटांत ‘भुताळी’ ठरविण्याची भयंकर चाल आहे. घरांत माणूस आजारी पडलें, कीं एखाद्या निराधार बाईला भुताळी ठरवून छळण्यांत आलें, असे प्रकार आदिवासी मुलखांत घडले आहेत. अशा कृत्यांना २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें शिक्षा ठेविली आहे, आणि ती योग्यच आहे. एकाच्या चित्तविकाराचें खापर दुसरीच्या माथीं फोडणें ही चिकित्सा नव्हे. ज्या चरकानें पिशाचांवरहि उगाच दोष टाकूं नये असें सांगितलें, त्याला शेजारणीवर दोष टाकणें मान्य होणें शक्यच नव्हतें.

मग भगतांस सर्पगंधेचा उन्मादावरील गुण ठाऊक होता काय? कोंकणच्या ज्या छापील नोंदी आम्हीं वर दिल्या, त्यांवरून तसें म्हणतां येत नाहीं. त्यांवरून ती येथें पोटाची मुळी ठरते. बिहारचें श्रेय जव्हारला देणें हें चरकाचें श्रेय बाझलला देण्याइतकेंच गैर होईल. पण छापील नोंद दक्षिण कोंकणच्या मजुरांची आहे, उत्तर कोंकणच्या पाड्यांची नव्हे. प्रत्येक पाड्याचें ज्ञान निराळें असूं शकतें, आणि तें कागदावर नाहीं, तोंडीं आहे. जाणता म्हातारा गेला, कीं एक पोथी जळाल्यासारखीच ती हानि होय.

(५) कर्तव्य

जव्हारच्या स्थापनेची एक आख्यायिका गॅझेटियरांत आहे. जयबानें एका वारली प्रमुखाजवळ बैलाच्या कातड्याखालीं मावेल एवढीच जमीन मागितली, त्यानें ती आनंदानें दिली, आणि मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनीं मोठा मुलूख वेढला गेला. मुळ्यांच्या बाबतींत हीच कथा पुन्हा घडली आहे. एका मुळीची ओळख सहज दिली गेली, आणि तिच्या मागोमाग जो व्यापार आला, त्यानें रानेंच्या रानें खणून काढलीं. सर्पगंधेचें मूळ हेंच औषध असल्यामुळें ती उपटली कीं संपली. १९९० सालीं संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत तिचा समावेश करावा लागला. २००२ चा जैवविविधता कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांनीं पारंपरिक ज्ञानावर त्या त्या समाजाचा हक्क मानिला आहे. तेव्हां आतां जें संग्रहकार्य करावयाचें, तें या हक्काचा मान राखूनच केलें पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें आहेत. त्यांत मुळ्यांचीं देशी नांवें, मात्रा व अनुपान यांच्या टिपणी असतात. काव्याच्या किंवा बखरीच्या पोथीसारखा मान या टिपणींस मिळत नाहीं, व पुष्कळदां त्या रद्दींत जातात. अशा बाडांतील नाकुली, सर्पगंधा, मुंगूसवेल इत्यादि नांवें ज्या रोगापुढें लिहिलीं असतील, त्या रोगासह उतरून घ्यावीं. लेखनाचा शक व गांव मिळत असल्यास तो द्यावा. नांवापुढें आपल्या मतानें लॅटिन नांव जोडूं नये. तें काम वनस्पति प्रत्यक्ष पाहून वनस्पतिज्ञांनीं करावें. जव्हार-मोखाड्यांत ज्यांचें जाणें येणें आहे, त्यांनीं जाणत्या माणसांची संमति घेऊन त्यांचीं नांवें व उपयोग त्यांच्याच बोलींत लिहावे, शुद्ध मराठींत घालून त्यांचे मूळ शब्द मारूं नयेत. आणि लिहिलेल्याची एक प्रत त्यांच्याच ग्रामसभेच्या स्वाधीन करावी.

सारांश, उपलब्ध पुराव्यावरून निर्णय असा होतो : संहितांनीं उन्मादाचा सखोल विचार केला, परंतु सर्पगंधेशीं त्याचा संबंध संभाव्य आहे, सिद्ध नाहीं. वेडावरील गुण पूर्वेकडील सामान्य लोकांच्या व्यवहारांत जिवंत होता. तो कलकत्त्याच्या वैद्यांनीं प्रथम शास्त्रापुढें मांडला. मुंबई, दिल्ली व अहमदाबाद यांनीं तो पुढें नेला, आणि परदेशच्या प्रयोगशाळा व विद्यापीठें यांनीं त्याचें कारण उलगडलें. या मालिकेंतील एकहि कडी गाळून इतिहास पुरा होत नाहीं, आणि जिचें नांवच कोठें लिहिलें नाहीं, अशी जी पहिली कडी, ती तर मुळींच गाळतां कामा नये. जव्हार-मोखाड्याच्या रानांत तिच्यासारख्या आणखी किती कड्या आहेत, तें शोधण्याचें काम संग्राहकांनीं आतां हातीं घ्यावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.